पुलापर्यंत त्याची सीट

पप्पांना विमानात बसवायचं हे माझ्या डोक्यात आलं ते ताईला मुलगी झाली त्याच दिवशी. ताई दिल्लीला असते. मम्मी बाळंतपणासाठी आधीच ट्रेनने जाऊन बसलेली. रहाटणीच्या फ्लॅटमध्ये उरलो मी आणि पप्पा. रोज संध्याकाळी मोबाईल उशीला टेकवायचा आणि व्हिडिओ कॉलवर बाळ बघायचं. बाळ बहुतेक वेळा झोपलेलंच असायचं, तरी पप्पा बघत राहायचे. कॉल कट झाला तरी थोडा वेळ त्या काळ्या स्क्रीनकडेच बघायचे, आणि मग म्हणायचे, "नाक आपल्यावर गेलंय."

"मग चला ना, खरंखुरं नाक बघून येऊ."

"माझी कंबर कुठं मला जाऊ देते, बाळा. मोठी झाली की येईलच की ती इकडं."

पप्पांची कंबर म्हणजे आमच्या घरातला पाचवा माणूस. कुठलाही बेत ठरवताना आधी तिला विचारावं लागतं. पप्पा चाकणला एका कंपनीत प्रेस शॉपला होते. उभं आयुष्य पत्रे आणि डाय, म्हणजे लोखंडी साचे, उचलण्यात गेलं, आणि एक दिवस मणक्यातली गादी सरकली. आता चालतात छान, उभे राहतात, आडवे होतात, पण ताठ बसलं की संपलं. आधी डाव्या पायाला मुंग्या, मग कमरेतून कळ, मग कपाळावर घाम. मध्ये एकदा सोलापूरला एका लग्नाला गेलो होतो, तर परत आल्यावर कितीतरी दिवस अंथरुणात होते. तेव्हापासून लांबचा प्रवास बंद. बंद म्हणजे कुणी बंद केला नाही, ते स्वतःच आपलं "तुम्ही जाऊन या" म्हणायला लागले.

मी गुपचूप डॉक्टरांना विचारून आले. डॉक्टर म्हणाले, दोन-अडीच तासांचा प्रवास चालेल, फक्त ताठ बसवू नका, जरा मागे रेलून बसू दे. मी दवाखान्याच्या जिन्यावरूनच फोन लावला. "पप्पा, पप्पा, विमानात सीट मागे होते! बटण दाबलं की मागे!"

पलीकडून पप्पांचा पहिला प्रश्न काय असावा?

"आणि मागच्याचं काय?"

आता इथे मला कंपनीच्या बसबद्दल सांगावंच लागेल, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही.

पप्पांची कंपनीची बस म्हणजे कुठल्यातरी ट्रॅव्हल्सने वापरून सोडलेली जुनी गाडी. त्यामुळे तिला मागे होणाऱ्या सीटा होत्या. काळेवाडी, पिंपरी, नाशिक फाटा, भोसरी, मोशी, मग इंद्रायणीचा पूल आणि पुढे चाकण. सगळी शिफ्टची माणसं, सगळ्यांना झोप हवी. सुरुवातीला म्हणे रोज भांडणं. पुढच्याने सीट धाडकन मागे टाकली की मागच्याच्या गुडघ्यावर. एकदा कुणाचा तरी डबा सांडला, वरण सगळं पॅन्टवर, आणि चालत्या बसमध्ये कॉलर धरली गेली. मग त्या माणसांनी आपला आपणच नियम केला. सीट टाकायच्या आधी हँडलवर दोनदा टकटक करायची आणि विचारायचं, "टाकू का?" मागचा म्हणायचा, "टाक." तो "टाक" म्हणेपर्यंत बटणाला हात लावायचा नाही. आणि पूल आला की सीट सरळ. का, तर पुलाला अर्धा रस्ता होतो. अर्धा रस्ता आराम पुढच्याचा, अर्धा रस्ता पाय मागच्याचे. पुलाच्या आधी मागच्याने कुरकुर करायची नाही आणि पुलानंतर पुढच्याने झोपेचं सोंग घ्यायचं नाही. पप्पा रिटायर होईपर्यंत हे असंच चालू होतं. लहानपणी आम्ही दोघी बहिणी एका उशीवर भांडलो तरी पप्पा म्हणायचे, "पुलापर्यंत तिची, पुलानंतर तुझी."

तर विमानाची सीट निवडायची वेळ आली. मी लॅपटॉपवर तो विमानाचा नकाशा उघडून बसले, पप्पा चष्मा लावून शेजारी.

"शेवटची घे," पप्पा म्हणाले.

"शेवटची? अहो, तिथे टॉयलेट असतं."

"असू दे की. मागं कुणी नसतं ना. कुणाला त्रास नको, कुणाला विचारायला नको. बसमध्येपण कंबरवाल्यांना शेवटचीच सीट द्यायचे, पार आडवी व्हायची."

मला इतकं पटलं! मी म्हटलं, वा, काय डोकं आहे माझ्या बापाचं. घेतली शेवटची रांग. पप्पा पॅसेजच्या कडेला, मी मध्ये.

निघायच्या दिवशी पप्पा पहाटेपासून इस्त्रीच्या शर्टात. शेजारच्या काकांना जय भीम घालून झाला, खालच्या वॉचमनला सांगून झालं, कॅबवाल्यालाही सांगून झालं की नातीला बघायला चाललोय. लोहगाव विमानतळावर तपासणीत डॉक्टरांनी दिलेला कमरेचा पट्टा पीं पीं वाजला. पप्पांनी तो काढून ट्रेमध्ये ठेवला, आणि पलीकडे पोचल्यावर एका खांबाआड जाऊन परत बांधला. येताना म्हणाले, "विमानात चढण्यापेक्षा इथवर येणंच लांब आहे गं." पण चेहरा असा फुललेला! मी फोटोवर फोटो काढत होते, ताईला पाठवत होते, ताई तिकडून बाळाचे पाठवत होती.

विमान वर गेलं, सीटच्या पट्ट्याचा दिवा विझला आणि मी म्हटलं, "हां, पप्पा, दाबा आता बटण."

पप्पांनी सवयीने आधी मागे वळून बघितलं. मागे भिंत. हसले. मग बटण दाबलं.

सीट ढिम्म.

मी वाकून दाबलं. पाठीने रेटा द्या म्हटलं. त्यांनी दिला. काही नाही. माझी सीटसुद्धा तशीच. मी हवाईसुंदरीला बोलावलं तर ती गोड हसून म्हणाली, "सॉरी मॅम, लास्ट रो रिक्लाइन नहीं होती. पीछे वॉल है ना." दुसरी जागा विचारली, तर विमान फुल.

अख्ख्या विमानात जी एकच रांग मागे होत नाही, ती आम्ही शोधून, ठरवून, वर स्वतःचं कौतुक करून घेतली होती! आणि मला पुढचं सगळं दिसायला लागलं. पप्पांना कळ येणार, दिल्लीला उतरून ताईच्या घरी सरळ अंथरुणात, बाळाला उचलताही येणार नाही, आणि मग आयुष्यभर "तुम्ही जाऊन या." ती पोरगी आजोबांना मोबाईलमधलाच माणूस समजत मोठी होणार.

एवढ्यात पप्पांच्या पुढची सीट धप्पकन मागे आली.

पुढे एक मुलगा होता, पंचविशीतला, माझ्याच वयाचा. उंच, गळ्यात मऊ उशी, डोळ्यावर पट्टी. ना टकटक, ना काही. पप्पांचे गुडघे दोन बाजूंना उघडले गेले आणि समोरचा ट्रे छातीजवळ आला.

"थांबा, मी सांगते त्याला."

"बस खाली," पप्पा हळूच म्हणाले.

"पप्पा, त्याने विचारलं पण नाही!"

"त्याला कुठं आपला नियम माहितीय? झोपू दे. पुलापर्यंत त्याची सीट."

"इथे कुठला पूल आलाय, पप्पा? खाली ढग आहेत!"

"अर्धा रस्ता झाला की पूल."

आणि ते खरंच तसे बसून राहिले. म्हणजे बसले थोडा वेळ, मग उठून मागे त्या टॉयलेटच्या दाराशी जाऊन उभे राहिले. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाट देत होते, "जाइए, जाइए" करत, जसं काही त्यांची ड्यूटीच तिथे लागलीये. मला जरा बरं वाटलं. उभं राहिलं की त्यांना त्रास नसतो. पण मग विमान हलायला लागलं, पट्ट्याचा दिवा लागला आणि सगळ्यांना जागेवर बसवलं. पप्पाही बसले. एकदम ताठ, त्या बंद सीटवर, पुढच्याची सीट तोंडासमोर.

मी त्यांचा पाय बघत होते. त्यांनी टाच उचलली, ठेवली, परत उचलली. मुंग्या. मग हात कमरेमागे गेला. माझी शाल गुंडाळून मी पाठीमागे सरकवली, पण त्याने काय होणार?

"दुखतंय?"

"नाही गं. बाळाला नाव काय ठेवतायत मग?"

विषय बदलला म्हणजे दुखतंय. हे आमच्या घरात सगळ्यांना माहितीये. मी नावं सांगत बसले, ताईने काढलेली, दाजींच्या आईने काढलेली. मधूनच स्वतःची दोन घुसडली. पप्पा हूं हूं करत होते. कपाळावर घाम यायला लागला होता. मी रुमाल दिला. दिवा विझला तेव्हा त्यांनी उठायचा प्रयत्न केला, पण डाव्या पायाने साथ दिली नाही. परत खाली बसले. आणि मग माझ्याकडे न बघता विचारलं,

"अर्धं झालं का गं?"

मी मोबाईलमध्ये वेळ बघितली. झालं नव्हतं. अजून बराच वेळ होता.

"झालं," मी म्हटलं. "आत्ताच झालं."

पप्पांनी मनगटावरचं घड्याळ बघितलं. या माणसाचं आयुष्य भोंग्यावर गेलंय, घड्याळ न बघता वेळ सांगतो हा. त्यांनी घड्याळ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मला वाटलं आता म्हणतील, खोटं नको बोलू.

"बरं," ते म्हणाले. "आला म्हण पूल."

आणि पुढच्या सीटच्या हँडलवर बोटाने दोनदा टकटक केली.

मुलगा दचकून उठला, डोळ्यावरची पट्टी वर केली. मी आता थांबणार होते होय! एका दमात सगळं सांगून टाकलं, माझ्या त्या पुणेरी हिंदीत, की ये मेरे पप्पा है, इनके कमर में प्रॉब्लेम है, हमारी सीट पीछे नहीं जाती, नातीन को देखने जा रहे है, तो आधा रास्ता आप यहाँ बैठोगे क्या? पप्पा मध्ये मध्ये, "सोया था बिचारा... कोई जबरदस्ती नहीं हाँ बेटा..."

मुलगा पप्पांच्या गुडघ्यांकडे बघत होता. आपली सीट कुठे आलीये हे त्याला आत्ता दिसलं. "अरे यार," तो म्हणाला, "अंकल, पहले बोलना था ना!"

"पहले आपका टाइम था," पप्पा म्हणाले.

त्याला काही कळलं नाही. पण तो उठला. पप्पांना दंडाला धरून उठवलं, पाय मोकळा होईपर्यंत धरून उभा राहिला, पुढे बसवलं, आणि स्वतः ते लांबच्या लांब पाय घेऊन माझ्या शेजारी त्या शेवटच्या सीटमध्ये घुसला. गळ्यातली उशी काढून पुढे पप्पांना दिली. "कमर के पीछे रखो, अंकल."

झालं ना सगळं? नाही! पप्पा ताठच बसलेले. मी पुढे वाकून म्हटलं, "पप्पा, दाबा की बटण." तर हँडलवर टकटक, आणि दोन सीटांच्या फटीतून आवाज आला,

"टाकू का?"

मुलगा माझ्याकडे बघायला लागला. "क्या बोल रहे है?"

"तुमने हाँ बोला तो ही वो सीट पीछे लेंगे. बोलो, टाक."

"टाक?"

"हां. टाक."

तो फटीजवळ तोंड नेऊन एवढ्या मोठ्याने ओरडला की पलीकडच्या रांगेतल्या बाईने वळून बघितलं. "टाक, अंकल!"

सीट मागे आली. धप्पकन नाही हं. बोटभर आली, थांबली. "लागलं का?" "नहीं लगा, और लो, और लो." परत बोटभर. परत थांबली. असं करत करत पूर्ण मागे आली, आणि वरून पप्पांचं डोकं दिसायला लागलं, तेल लावून चापून बसवलेले पांढरे केस. त्या मुलाने गुडघे वळवून बाहेर पॅसेजमध्ये काढले. मी काहीतरी बोलायचं म्हणून त्याला बसची, पुलाची सगळी गोष्ट सांगितली. तो हसला, मग म्हणाला, आमच्या ऑफिसच्या बसमध्ये कुणी कुणाशी बोलतच नाही. थोड्या वेळाने पुढून घोरण्याचा आवाज आला. तो घरी ऐकला की मी दार लावून घेते. विमानात मी तो ऐकत बसले.

दिल्ली जवळ आली. सीट सरळ करा असं सांगायच्या आधीच पप्पांची सीट सरळ झाली होती, आणि त्यांनी वळून त्या मुलाला विचारलं, "पाय दुखे क्या, बेटा?"

उतरताना मी जीव मुठीत धरून त्यांच्याकडे बघत होते. पायऱ्यांवर कठडा धरून हळूहळू उतरले, पण उतरले आपल्या पायांनी. सामान यायची वाट बघत उभे होतो. ताईचा मेसेज आला, बाळ जागं आहे, लवकर या. मी तो मोठ्याने वाचला. पप्पांनी पट्टा जरा घट्ट केला, शर्ट नीट खोचला, आणि म्हणाले,

"पुढच्या वेळी शेवटची रांग नको घेऊ गं. मधली घे."

मी म्हटलं, "हो." पुढच्या वेळी, असं म्हणाले ते.