भाजलेल्या राबातला जिवाणू

तिकोणा पेठ या गावात मी मातीतले जिवाणू शोधत होतो. भाताच्या राबाशेजारी बसलेल्या एक मावशी माझ्या उकळून आणलेल्या चमच्याकडे बघून पदराआड हसत होत्या.

"हितली घ्या, दादा. लय स्वच्छ हाय. राब भाजलाय."

शेण आणि पालापाचोळा पसरून पेटवलेल्या त्या जमिनीत काय डोंबल जगणार? पण मावशींचं मन मोडवेना, म्हणून एक पिशवी भरली.

नेमका त्याच पिशवीत देशात आजवर कुणीही न नोंदवलेला जिवाणू निघाला! पेढे घेऊन मी मावशींना सांगायला धावलो. ऐकून त्यांचा चेहरा उतरला. आजूबाजूला बघत त्या हळूच म्हणाल्या, "कुनाला सांगू नगा, दादा. औंदा दोनदा भाजते."