डोळे उघडे ठेवून

"ये ना रे येशू, ये ना लवकर!" आमच्यातली एक बाई ओरडत होती आणि आम्ही बाकीच्या मोहाच्या झाडाखाली डोळे मिटून उभ्या होतो. रोजच ओरडते, म्हणून कुणी डोळे उघडले नाहीत. मग माझ्या सुनेची किंकाळी आली. पाहते तर अस्वल सुनेला खाली पाडून तिच्या अंगावर चढलेलं, आणि ही बाई रिकामी टोपली घेऊन त्याच्यावर धावलेली.

आमचं गाव सडक अर्जुनीच्या जंगलाला लागून. मोहफुलं वेचायच्या आधी गोल उभं राहून, डोळे मिटून प्रार्थना करायची, ही आमच्या चर्चच्या पाळकांनी लावलेली शिस्त. अस्वलालाही मोहफुलं आवडतात, हे पाळकांना कोण सांगणार? ते गोंदिया शहरातले.

ती एकटी डोळे मिटत नसे. चर्चमध्येही वर पाहून हात नाचवत बोलायची. मध्येच रडायची, मध्येच हसायची. पाळक एकदा म्हणाले, "बाई, हळू बोला. देव बहिरा नाही."

"तो बहिरा नाही जी, पण मी तरी कुठं मुकी हावो?"

"डोळे तरी मिटा."

"ज्याच्यासंग बोलाचं त्याच्याकडं पाहू नोको काय?"

सगळी मंडळी हसली. पाळकही हसले.

प्रार्थनेत रडणाऱ्या बाया तुम्हीही पाहिल्या असतील. मला त्यांचा राग येतो. आमेन झालं की डोळे पुसून लुगड्यांच्या गोष्टी. हिचं तसं नव्हतं. रविवारी कुणाच्या तापाच्या पोरासाठी रडली, की सोमवारी त्या घरी चूल पेटवायला हजर. कुणाशी भांडण असेल तर भरल्या चर्चमधून उठून त्या बाईच्या गळ्यात पडायची. ती बाई बिचारी लाजून अर्धी व्हायची.

मला म्हणायची, "तुही प्रार्थना सुकल्या भातावानी हाय वं. घशाखाली उतरत नाही, त्याच्याबी नसंल उतरत."

"तू कायले एवढी बोंबलून राहते?" मी म्हणायची.

"मले राहवत नाही, म्हणून."

तर त्या सकाळी तिनं टोपली अस्वलाच्या तोंडावर दाबली. सून खालून सुटली, तिची मांडी फाटली होती. अस्वलानं हिच्या गालावर पंजा मारला. तोवर आम्हालाही कंठ फुटला. दगड, काठ्या, शिव्या, जे हाताला आणि तोंडाला आलं ते फेकलं. अस्वल झुडपात पळालं.

सरपंचाची जीप मिळाली. मागे सून आडवी, शुद्ध हरपत चाललेली. ही गालाला पदर दाबून बसलेली, पदर लालभडक, आणि डोळे असे चमकत होते की मला वाटलं हिला वेड लागलं.

"आला ना वं! पाहिलं ना, आला का नाही येशू?"

"गप बस. रक्त जाऊन राहिलं."

"जाऊ दे. माहं तोंड फाटलं हाय, आज तू ओरड. सुनेसाठी ओरड!"

सुनेचा हात गार लागत होता. मी ओरडले. डोळे उघडे, वर जीपच्या फाटक्या ताडपत्रीकडे पाहून ओरडले, "देवा, या दोघीले नेशील तं पाहून घेईन तुले!" ड्रायव्हरनं वळून पाहिलं आणि गाडी आणखी जोरात हाणली. ही रक्ताळलेल्या पदराआडून हसत होती, रडतही होती. "असं! असं बोलाव लागते त्याच्यासंग!"

गोंदियाच्या दवाखान्यात दोघींना टाके घातले. हिचं तोंड वाकडं झालं ते झालंच. पाळकांनी पुढच्या रविवारी सांगितलं, जंगलात डोळे उघडे ठेवूनच प्रार्थना करा.

पुढं बऱ्याच वर्षांनी ती साध्या तापानं गेली. आता चर्चमध्ये शांतता असते. पण त्या सकाळी मी ओरडले, आणि सून वाचली, ती पण वाचली.