बॅगपाइपची चौतीस मिनिटं

२००७ साली सूसच्या आमच्या सोसायटीतला वरचा फ्लॅट मी एका स्कॉटिश जोडप्याला भाड्याने दिला. बायको हिंजवडीत नोकरीला जाई. नवरा घरी बसून कादंबरी लिही आणि बॅगपाइप वाजवी. बाप्या माणूस दिवसभर घरी कसा, ही सोसायटीची पहिली तक्रार. वाद्याची नंतर आली.

तो रोज संध्याकाळी गच्चीवर वाजवायचा. त्याशिवाय दुसऱ्या दिवशी आपल्याला लिहिता येत नाही, असं त्याने मला सांगितलं होतं. पुस्तकाची तीन प्रकरणं उरली असताना सेक्रेटरींनी नोटीस काढली : वाजवणं बंद करा, नाहीतर फ्लॅट सोडा.

मी दोन आठवडे घड्याळ लावून नोंद ठेवली. रोज सरासरी चौतीस मिनिटं, साडेसातनंतर एकदाही नाही. बैठकीत कागद पुढे केला. सेक्रेटरींनी त्यावर चहाचा कप ठेवला.

"अहो, आकडे कसले दाखवता? त्या आवाजाने माळावरची मेंढरंसुद्धा उधळतात!"

मेंढरांची नोंद माझ्याकडे नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी माळावर जाऊन मेंढपाळाला विचारलं.

"उधळत्यात? न्हाई ओ साहेब. कान टवकारून हुबी ऱ्हात्यात. पळत्यात ती तुमच्या गणपतीच्या भोंग्याला. लिवा की ते बी."

तेही लिहिलं. कागद कोणी वाचला नाही.

तीन दिवसांनी सेक्रेटरी स्वतः जिना चढून आले. मुलीचं लग्न ठरलं होतं. वरातीपुढे तो स्कॉटिश घागरा घातलेला गोरा माणूस वाजवत चालला, तर व्याह्यांचं तोंड बंद होईल, असा त्यांचा हिशेब. भाडेकरूने एकच अट घातली : पुस्तक संपेपर्यंत मुक्काम. नोटीस तिथेच जिन्यात फाटली.

वरात एक तास पन्नास मिनिटं चालली. रस्ता अडला. तक्रारी शून्य.

पुढच्या वर्षी छापील पुस्तक टपालाने आलं. डिक्शनरी घेऊन वाचायला मला बेचाळीस दिवस लागले. सेक्रेटरी दर रविवारी विचारत, "काय हो, आम्ही कुठल्या पानावर?"

मेंढ्यांना पूर्ण प्रकरण आहे. सोसायटी एकदाच येते : मेंढ्या कुंपणावरून आत बघतात आणि तोंड फिरवून चरायला लागतात. मी पान सांगितलं, एकशे सत्तर.

त्यांनी त्या पानाची झेरॉक्स काढून नोटीस बोर्डावर लावली. न वाचता.