पाहुण्यांची निर्जळी

जगात वाईट अशी गोष्टच नसते, तिला चांगलं नाव द्यायचं तेवढं राहून गेलेलं असतं, अशा खात्रीनं आयुष्य काढलेला एकच माणूस मी पाहिला, आणि ते म्हणजे माझे आतोबा. आत्याचे यजमान, एवढी ओळख पुरे. इंदूरच्या छत्रीबागेतल्या त्यांच्या घराचं छत गळायचं, तर ते म्हणायचे, "घर थंडगार राहतं." शेजारच्यांचा मुलगा बारावीला पुन्हा पुन्हा नापास व्हायचा, तर त्याच्या बापाला थांबवून सांगायचे, "पाया पक्का करून राहिलाय भिया तो, पाया!" वीज गेली की डोळ्यांना आराम, नळाला पाणी आलं नाही की पायपांची सफाई. माझं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा आमच्या घरात सगळे तोंडं पाडून बसले होते आणि आतोबा कचोऱ्यांचा पुडा घेऊन हसत हसत दारात हजर. "बच गई तू बेटा! त्या लोकांच्या घरात एक झाड पाहिलं होतंस का?" मला त्यांचा इतका संताप आला की त्या संतापातच मी दोन कचोऱ्या खाल्ल्या.

असल्या माणसाला मिलवाल्यांनी काम काय द्यावं, तर तयार कापडातले दोष शोधायचं. कापडाचं थान उलगडायचं, कुठे धागा तुटला असेल, रंग फिसकटला असेल, तेलाचा डाग पडला असेल, तिथे खूण करून ते बाजूला टाकायचं. आतोबांची नजर तीक्ष्ण होती, दोष त्यांना बरोबर दिसायचा. पण खूण करायला हात उचलायचा नाही. "अरे, हे तर डिझाइन आहे," म्हणायचे. त्यांनी आणून दिलेल्या अशा डिझाइनच्या चादरी आमच्या राजेंद्र नगरच्या घरात ढिगानं होत्या. त्यातल्या एकीवर निळा पट्टा डोक्याकडून मोठ्या दिमाखात निघायचा आणि पोटापर्यंत येऊन अंतर्धान पावायचा. ती चादर पांघरताना माझे बाबा दर वेळी म्हणायचे, "मिल ह्यांनीच बुडवली." अर्थात मिल बुडायला आतोबांची गरज नव्हती. एकामागून एक सगळ्याच बंद पडत होत्या. तिकडे पलासियाला काचांची दुकानं आणि कोचिंग क्लासेस उगवत होते, मीही तिथल्याच एका क्लासात पोरांना कॉम्प्युटर शिकवत होते, आणि इकडे आतोबांच्या मिलच्या फाटकाला कुलूप लागलं. लोक रडले, भांडले, मोर्चे काढून थकले, आणि मिळेल त्या कामाला लागले. आतोबा घरी येऊन आत्याला म्हणाले, "मशिनींना थोडा आराम दिलाय मालकांनी. थकल्या असतील ना बिचाऱ्या."

आणि मग तो आराम संपेचना. आतोबा रोज सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून मिलच्या फाटकापर्यंत जायचे, समोरच्या टपरीवर चहा प्यायचे आणि परत यायचे. फाटकाच्या वरून आत वाढलेल्या गवताचे शेंडे दिसायला लागले, त्या दिवशी त्यांनी बातमी आणली, "बगीचा करून राहिलेत आत. चालू करायच्या आधी सजावट हवी ना!" आत्या पोळ्या लाटत होती. तिनं मान वर केली नाही, फक्त लाटणं एकदा जरा जोरात फिरवलं.

ससा घरात आला तो ह्याच दिवसांत. आतोबांचा मिलमधला दोस्त, जॉबर म्हणजे मजुरांवरचा मुकादम होता, तो बायकामुलांसह गाव गाठायला निघाला. जाताना त्यानं आपला पांढरा ससा आतोबांच्या हातात ठेवला. म्हणाला, "भिया, मिल चालू होईपर्यंत सांभाळ. मग मी घेऊन जाईन." झालं! त्या क्षणापासून तो ससा म्हणजे दुसऱ्याची ठेव झाला. आतोबांनी त्याचं नावसुद्धा ठेवलं नाही. परक्याच्या जिवाला आपण कोण नाव ठेवणार? त्याला ते "पाहुणे" म्हणायचे, आणि तेही अहो-जाहो करून. "पाहुणे उठले का?" "पाहुण्यांना वारा येतोय का बघ जरा." आणि इंदूरात पाहुणा म्हटला की त्याला काय खायला घालतात, हे मी सांगायला नको. सकाळी पोहे, वर शेव, रविवारी जिलबीचा तुकडा. गवत किंवा पाला घालणं आतोबांना अपमानास्पद वाटायचं. "पाहुण्यांना काय घास खिलवायची?" असं त्यांनी मला अगदी दुखावून विचारलं होतं. ससाही शेव खायचा, आणि तो शेव खातो हे बघायला गल्लीतली माणसं यायची. मी गेले की तो तुरुतुरु येऊन माझ्या ओढणीचं टोक कुरतडायचा. माझ्या तीन ओढण्या त्यानं निकालात काढल्या. आतोबा म्हणायचे, "झालर लावून दिली बघ त्यांनी."

श्रावणातल्या एकादशीला आत्यानं मला फराळाला बोलावलं होतं. मी मोपेड लावून आत शिरते तो बाहेरच्या खोलीत ही गर्दी! गल्लीतल्या पाच-सहा बायका हात जोडून उभ्या, उदबत्तीचा धूर कोंडलेला, आणि मधे पाटावर ससा. कपाळाला कुंकू, पुढ्यात तुळशीची पानं आणि वाटीत साबुदाण्याची खिचडी. पाटाशेजारी आतोबा, चेहऱ्यावर असा आनंद की जणू घरात मुंज आहे.

"ये बेटा, दर्शन घे," ते म्हणाले. "पाहुण्यांनी उपास धरलाय. कालपासून दाणा नाही. खिचडी दिली, तोंड फिरवलं. पाणीसुद्धा नाही! निर्जळी आहे निर्जळी."

"आपल्याला एक चहा सुटत नाही," एक बाई कळवळून म्हणाली आणि तिनं सशाला वाकून नमस्कार केला.

मी आधी हसले. मग जवळ गेले आणि माझं हसू जिथल्या तिथे थिजलं. ससा पाठीची कमान करून, पाय पोटाखाली आवळून बसला होता, डोळे अर्धे मिटलेले. मी मुद्दाम ओढणीचं टोक त्याच्या नाकाशी नेलं. त्यानं नाकसुद्धा हलवलं नाही.

"ध्यान लागलंय," आतोबा हळू आवाजात म्हणाले.

त्याच्या तोंडातून बारीक करकर ऐकू येत होती. काही खात नव्हता, नुसताच दातावर दात घासत होता.

"जप चाललाय. काल रात्रीपासून अखंड."

मी त्याच्या कानांना हात लावला. एरवी कोमट असणारे ते कान गार पडले होते.

"शांत झालीय प्रकृती," आतोबा म्हणाले. आणि आत्यानं, म्हणजे माझ्या सख्ख्या, शहाण्या, अर्ध्या गल्लीची बाळंतपणं निभावलेल्या आत्यानं, सशाचं खोकं माझ्यापुढे धरलं. "बघ ना, कालपासून लेंडीसुद्धा नाही टाकली. किती सोवळं पाळावं एखाद्यानं!"

मी हबकले. समोर एक मुका जीव वेदनेनं दात खात बसला होता, आणि सगळी गल्ली त्याला फुलं वाहत होती. मग माझा आवाज असा चढला की दारातल्या बायका मागे सरकल्या. "उपास कसला करताय? मरून राहिलाय तो! आतोबा, उठा. टॉवेल आणा. आत्ता!"

आतोबा उठले. काहीतरी चांगलंसं बोलायला त्यांनी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. टॉवेलात गुंडाळलेला ससा छातीशी धरून ते मोपेडवर माझ्या मागे बसले. मी मोपेड पलासियाकडे पिटाळली.

तिथे माझ्या क्लासच्या खालच्या मजल्यावर जनावरांचा एक नवा दवाखाना निघाला होता. बाकावर दोन केसाळ कुत्री आपापल्या मालकिणींना घेऊन बसली होती. सशाचं कुंकू लावलेलं कपाळ पाहून एका मालकिणीनं आपलं कुत्रं मांडीवर ओढून घेतलं. डॉक्टरीणबाईंनी मात्र सशाकडे एकदा बघितलं आणि सगळ्यांच्या आधी आम्हाला आत घेतलं. पोट हलक्या हातानं चाचपलं, नळी लावून बराच वेळ ऐकलं.

"क्या खिलाते हैं इसको?"

"सब कुछ, मॅडम. पोहा, जलेबी, सेव..."

"सेव?"

"लौंगवाली," आतोबा नम्रपणे म्हणाले.

डॉक्टरीणबाईंनी कानातली नळी काढून टेबलावर ठेवली. मग त्यांनी आम्हाला समजावलं. सशाचं पोट सतत चालतं राहायला हवं. त्याला चारा हवा. शेव-जिलबीनं ते बिघडतं, मंदावतं. मंदावलं की दुखतं, दुखलं की तो खात नाही, आणि खाल्लं नाही की ते आणखीच थांबतं. दात घासणं म्हणजे दुखणं सोसणं. ससा आपलं दुखणं लपवतो, त्यामुळे तो खायचा थांबला, लेंडी थांबली की दिवस उलटायची वाट बघायची नाही, तडक डॉक्टर गाठायचा. "कब से नहीं खाया? साफ-साफ बोलिए."

मी आतोबांकडे पाहिलं. मला वाटलं, आता निर्जळी निघणार.

"कल सुबह से," आतोबा म्हणाले. "लेंडी कल दोपहर से नहीं. दाँत रात से घिस रहा है। बीमार है, मॅडम. बहोत बीमार है।"

त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. बाईंनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, कातडीखाली पाणी चढवलं, पोटाला शेक दिला, आणि ससा थोडा वेळ तिथेच ठेवून घेतला. आम्ही बाहेर त्या केसाळ कुत्र्यांशेजारी बसलो. आतोबा रिकामा टॉवेल मांडीवर घेऊन त्याची घडी घालत होते, मोडत होते, पुन्हा घालत होते.

"रात्री तो दात खायला लागला ना, तेव्हाच मला कळलं होतं गं," ते अचानक म्हणाले.

"मग बोलला का नाहीत?" मी अजून चिडलेलीच होते.

"बोललो की खरं होतं ना ते."

मी त्यांच्यावर ओरडणार होते, पण ओरडता येईना. कापडावर खूण न करणारा तो हात टॉवेलाची घडी पुन्हा नीट करत होता, आणि मला रडू आलं.

घरी नेल्यावर आतोबांनी सशाला मांडीवरून खाली ठेवलं नाही. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून त्याच्याशी धरली, बाईंनी दिलेला हिरवा लगदा बिनसुईच्या पिचकारीनं थेंबाथेंबानं त्याच्या ओठांच्या कोपऱ्यातून सोडला. जगेल की नाही, ते बाईंनीही सांगितलं नव्हतं. लेंडी टाकली तर जगेल, एवढंच म्हणाल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुपारी मी क्लासातून तडक छत्रीबागेत गेले, तर आत्या दारातच उभी. तिच्या हातात कागदाचा कपटा, आणि त्यावर चार काळ्या गोळ्या. प्रसाद द्यावा तसा तिनं तो माझ्यापुढे धरला. डोळे भरून आले होते तिचे. कालच्या दर्शनवाल्या बायकांनाही तिनं तो घरोघर नेऊन दाखवला म्हणे.

आता प्रश्न राहिला चाऱ्याचा. बाईंनी बजावलं होतं, शेव-पोहे बंद. गवत, भरपूर ताजं गवत. छत्रीबागेत गवत कुठून आणायचं? नदीकाठी होतं, पण ते नदीसारखंच घाण होतं. मी म्हटलं, राजेंद्र नगरात मैदान आहे, तिथून आणते. आतोबा म्हणाले, "नको. मला माहीत आहे कुठे आहे ते." विळा घेतला, घरातली एक जुनी चादर घेतली, आणि माझ्या मागे मोपेडवर बसले.

मिलच्या फाटकावरचा चौकीदार ओळखीचा होता. त्यानं छोटं दार उघडलं. कुलूप लागल्यापासून आतोबा पहिल्यांदाच आत पाऊल टाकत होते, आणि दोन पावलांवरच थांबले. गवत माझ्या कमरेपर्यंत आलं होतं. गठ्ठे चढवायच्या ओट्यावर गवत, रुळांच्या मधून गवत, खिडक्यांतून बाहेर आलेलं गवत. ज्या खात्यात आतोबांनी जन्म काढला, त्याचं छप्पर खाली येऊन बसलं होतं आणि आतल्या फरशीतूनही ते हिरवं वर आलं होतं. एकही मशीन जागेवर नव्हतं. मी हादरून उभी राहिले, आणि खरं सांगायचं तर वाट बघत राहिले, आता आतोबा ह्याला काहीतरी नाव देतील म्हणून. मनातून मला ते हवं होतं.

ते खाली बसले आणि गवत कापायला लागले. पावसानं धुतलेलं, कोवळं.

"मिल मेली, बेटा," ते मान वर न करता म्हणाले.

त्यांनी चादर पसरली. तिचा पट्टाही मधेच संपलेला होता. त्यावर गवत रचून त्यांनी चार टोकं घट्ट बांधली, आणि भारा उचलून डोक्यावर घेतला.

घरी आल्यावर मूठभर गवत सशापुढे टाकलं. त्यानं हुंगलं, एक काडी ओढली, मग दुसरी. खोलीत आम्ही तिघं श्वास रोखून ते कुरकुर खाणं ऐकत बसलो. "खा रे," आतोबा त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "जॉबर काही आता यायचा नाही. तू आमचाच." आत्यानं पदर डोळ्यांना लावला आणि ती आत निघून गेली.

थोड्या वेळानं आतोबांनी एक काडी उचलून उजेडात धरली, कापड धरायचे तशी, आणि नीट न्याहाळली.

"पण काही म्हण बेटा," ते म्हणाले, "गवत काय फर्स्ट क्लास उगवलंय!"

मीही पाहिलं. खरंच चांगलं होतं.