न पाहिलेली पाठ

“आधी दाखवा.”

मास्तरांचे बोलणे बहुधा इथून सुरू होई. गिऱ्हाईक म्हणे, बाही आखूड झाली. मास्तर मशीनचे चाक हाताने थांबवत, चष्मा कपाळावर सरकवत आणि म्हणत, “आधी दाखवा.” पाहिल्याशिवाय ते बाही आखूड आहे असे म्हणत नसत, आणि नाही असेही म्हणत नसत.

हे शाळामास्तर नव्हेत. पाथर्डीच्या बाजारात, चावडीसमोर त्यांचे शिवणकामाचे दुकान होते. लढाईची वर्षे होती. मी नगरच्या एका साप्ताहिकाचा बातमीदार, आणि कोळशावर चालणारी मोटार मला बाजारच्या दिवशी तिथे नेऊन सोडी. परतीची मोटार सुटेपर्यंत मी मास्तरांच्या फळीवर बसे.

कापडाची टंचाई होती, म्हणून एका नवरदेवाच्या बापाने स्वतःचा कोट मास्तरांकडून उसवून, कापडाची आतली बाजू बाहेर घेऊन मुलासाठी शिवून घेतला. मांडवात मुलीच्या मामाने सहज विचारले, “काय मास्तर, कोट नवा ना?”

“नवरा नवा आहे,” मास्तर म्हणाले. “कोट त्याच्या वडिलांचा.”

वरपक्षाने त्यांच्याशी बोलणे टाकले. कपडे मात्र त्यांच्याकडेच टाकत राहिले, कारण उरलेली चिंधीसुद्धा परत मिळे.

पंचनाम्याची तऱ्हा तुम्हीही पाहिली असेल. पोलीस जमादार तो चावडीवर बसून लिहितो आणि पंच चहा पिता पिता सही करतात. एकदा हातभट्टीचा पंचनामा मास्तरांपुढे पंच म्हणून सहीला आला.

“आधी दाखवा.”

“आवो, दारू सरकारजमा झाली. आता काय दाखवू?”

“मग जागा दाखवा.”

“लई ऊन हाय, मास्तर.”

मास्तर उन्हातून ओढ्यापर्यंत गेले, आले आणि त्यांनी कागदावर लिहिले, ‘दाखविलेल्या जागी निवडुंग आहे.’ खाली सही केली. मॅजिस्ट्रेटसाहेबांनी ते भर कोर्टात वाचून दाखवले आणि स्वतःही हसले. जमादाराने पुढे बरेच दिवस मास्तरांना पंच म्हणून बोलावले नाही. पण त्या दिवसापासून नगरच्या कोर्टात त्यांच्या नावाला वजन आले.

ते वजन जमादार विसरला नव्हता.

जवळच्या एका गावात मोठ्या जमीनदाराचा सालगडी विहिरीत मेलेला सापडला. तरणा माणूस होता. आदल्या दिवशी त्याच्यावर ज्वारी चोरल्याचा आळ आला होता. या वेळी जमादार स्वतः मास्तरांना बैलगाडीतून घेऊन गेला.

प्रेत बाजेवर उताणे ठेवले होते. मास्तरांनी विहीर पाहिली, मग चेहरा, छाती, हात आणि पाय पाहिले. ओले केस हाताने चाचपले. जमादाराने लिहिले, ‘अंगावर जखम दिसली नाही.’ मास्तरांना दिसली नव्हती. त्यांनी सही केली. पोलिसांनी घाई केली आणि संध्याकाळच्या आत गड्याला अग्नी दिला गेला.

पुढच्या बाजारी मी फळीवर असताना त्या गड्याची बायको आली. ती दुकानाची पायरी चढली नाही.

“मास्तर, पाठ बघितली का?”

मास्तरांनी चाक थांबवले.

“आंघूळ घालताना म्या बघितली. मानंपासून कमरेपतूर वळ हुते. कातडं सोललेलं. खळ्यावर बांधून मारला त्याला, अख्ख्या गावाला ठावं हाय.”

“मला दाखवली नाही,” मास्तर म्हणाले.

“तुमी मागितली का? तुमी म्हनला असता तर त्यांना उलटा करावाच लागला असता. तुमाला न्हाई म्हनायची कुनाची छाती हुती?”

मग ती हात जोडून म्हणाली, “आता तरी म्हना, बघितली म्हनून. माझं कोन ऐकतंय? तुमचं ऐकत्याल.”

“मी पाहिली नाही, बाई.”

ती निघून गेल्यावर मास्तरांनी दुकान बंद केले आणि माझ्याच मोटारीने नगरला आले. दुसऱ्या दिवशी ते मॅजिस्ट्रेटसाहेबांसमोर उभे राहिले तेव्हा मी कोर्टात होतो.

“पंचनाम्यात लिहिले ते खोटे आहे?”

“नाही साहेब. अर्धे आहे.”

“तुम्ही पाठ पाहिली?”

“नाही.”

“मग पाठीवर काय होते ते तुम्ही कसे सांगणार?”

हा प्रश्न त्यांनी जन्मभर दुसऱ्यांना विचारला होता. साहेबांनी खळ्यावरच्या माणसांना बोलावले. एकेकाने येऊन सांगितले की तो त्या दिवशी तिथे नव्हता. अपघाती मृत्यू अशी नोंद होऊन प्रकरण मिटले. गड्याची बायको पोरे घेऊन साखर कारखान्यांच्या बाजूला ऊस तोडायला गेली.

पाथर्डीतले लोक मास्तरांना दोष देत नव्हते. उलट म्हणत, “मास्तर खोटं न्हाई बोलले, बरं का!” आपल्यात एक खरे बोलणारा माणूस आहे याचा त्यांना अभिमान होता, आणि तो आहे म्हणून बाकीच्यांना मोकळीक होती. खरेपणा एका माणसाकडे सोपवून गाव चालत नाही, हे मला त्या प्रकरणात समजले. त्या गावाला ते समजायचे काही कारण नव्हते. त्याचे चाललेच होते.

मास्तर काम करत राहिले. बाही आखूड म्हटली की न पाहता म्हणत, “ठेवा, वाढवून देतो.”

वर्षभराने कोर्टात एक चोरीचा खटला होता. माळावरच्या वस्तीत, एकाच्या झोपडीत तांब्याची भांडी सापडल्याचा पंचनामा होता. पंच मास्तर होते. साहेबांनी सहीकडे पाहिले आणि विचारले, “तुमच्यासमक्ष?”

“होय साहेब.”

“या साक्षीदाराला आणखी विचारायची गरज नाही,” साहेब म्हणाले. आरोपीला सक्तमजुरी झाली.

बाहेर व्हरांड्यात जमादार मला खुशीत म्हणाला, “मास्तर आता शहाने झाले. चावडीवरच सही देत्यात. उन्हाचा तरास न्हाई.”

मास्तर चार हातांवर बाकावर बसले होते. त्यांनी ते ऐकले आणि मान वर केली नाही. तेवढ्यात शिपायाने बेड्या घातलेल्या आरोपीला बाहेर आणले. बाकापाशी तो थांबला. त्याच्या आवाजात राग नव्हता. त्याला खरेच काही कळून घ्यायचे होते.

“मास्तर, तुमी कवा आल्ता वो वस्तीवर? म्या घरी नसंन तवा. न्हाईतर पानी तरी इचारलं असतं.”

मास्तर गुडघ्यावरच्या आपल्या हातांकडे बघत राहिले. शिपायाने दोरी ओढली, तसा तो माणूस त्यांना नमस्कार करून पुढे गेला.