यादीतलं एकच नाव

ज्या नकाशावर मला बढती मिळाली तो मी काढलेला नव्हता. हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. तो नकाशा परातेजींचा होता.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. कोळसा खाणींचे आराखडे करणाऱ्या आमच्या नागपूरच्या कचेरीत तळमजल्यावर एक मोठा संगणक होता आणि परातेजी त्याचे ऑपरेटर. जमिनीखालच्या थरांचं चित्र पाहायचं तर सगळ्यांना खाली उतरावं लागे. परातेजींनी जिन्यातून स्वतः केबल ओढली, महिनाभर जाडजूड पुस्तकं चाळली आणि अशी सोय केली की प्रोग्राम खाली चालायचा, त्याची खिडकी मात्र वर ज्याच्या त्याच्या टेबलावरच्या स्क्रीनवर उघडायची. कुणाला समजेना तेव्हा विणकराच्या घरातले परातेजी म्हणायचे, "माग आमच्या घरी चालते, लुगडं इतवारीच्या बाजारात उघडून पाह्यतेत. तसंच हाये हे." लोक उलट नाराज झाले. मे महिन्यात तळमजल्याच्या एसीत बसायचं निमित्तच गेलं होतं.

दुसऱ्याच्या स्क्रीनवर खिडकी उघडण्याआधी ते इंटरकॉमवर विचारायचे, "उघडू का जी?" खरं तर गरज नव्हती. कटकट नको म्हणून बाकीच्यांनी आपली स्क्रीन सगळ्या मशीनना मोकळी करून टाकली होती. पराते खिडकी उघडतात की मुलगी मागतात, असं लोक चिडवायचे. ते हसून म्हणत, "दार उघडं हाये म्हणून कोणी घुसते का?"

कोणत्या मशीनला आपल्या स्क्रीनवर येऊ द्यायचं याची यादी प्रत्येकाला ठेवता येई; परातेजींच्या यादीत एकाच मशीनचं नाव होतं. माझ्या. त्यांच्या चुका मी तपासून द्यायचो. यादीत नाव असलं की समोरच्याच्या स्क्रीनवरचं अख्खं चित्र आपल्याकडे उतरवून घेता येतं, हेही त्यांनीच मला शिकवलेलं.

एका खाणीत कोळशाचा थर मध्येच तुटून सरकला होता. कुठे, ते कुणालाच नीट दाखवता येईना. परातेजींनी दीड महिना खपून ते रंगांत मांडलं. दिल्लीचे साहेब यायच्या आदल्या दिवशी ते जेवायला गेले असताना मी त्यांची स्क्रीन उतरवून घेतली, त्यावरून तोच नकाशा काढला आणि कोपऱ्यात माझं नाव घातलं.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर माझं चित्र अर्ध्यावर अडकलं. परातेजी धावत खाली गेले, सैल झालेली जोडणी घट्ट केली, प्रोग्राम पुन्हा लावला. इंटरकॉम वाजला.

"उघडू का जी?"

मी म्हणालो, "उघडा."

नीट आलं की नाही ते बघायला ते वर आले. माझ्या मागे उभे राहिले. साहेबांनी विचारलं, हे कोणी केलं? मी म्हणालो, "मी, सर." परातेजी जिना उतरून खाली गेले.

चार दिवसांनी मी खाली गेलो आणि माझं नाव यादीतून काढून टाका म्हणालो. त्यांनी चष्मा पुसला.

"काहून? नकाशा मागतला असता तं मीच देल्ला असता गा."

नाव त्यांनी काढलं नाही. ते निवृत्त झाल्यावर मी मुद्दाम यादी उघडून पाहिली. तेवढं एकच नाव तिथे होतं.

गेल्या वर्षी परातेजी गेले. कचेरीच्या भिंतीवर तो नकाशा अजून आहे, आणि त्याच्या कोपऱ्यात त्यांचं नाव लिहिणं माझ्याकडे बाकी आहे.