बुटांच्या कफांची राखाडी जोडी

डिसेंबरातला दुसरा शनिवार, दुपारी साडेतीन. हजर: मी, माझी धाकटी जाऊ आणि सासूबाई. गैरहजर: माझी मुलगी, जिच्यासाठी हा सगळा खटाटोप चालला होता. ती परदेशात शिकत होती आणि तिकडे बर्फ पडू लागला होता.

"बुटांच्या तोंडातून गार वारा आत शिरतो गं," ती फोनवर म्हणाली होती. पोटरीला धरून बसणारे, बुटाच्या वर थोडे दिसणारे लोकरीचे कफ तिला हवे होते, उठावाच्या नक्षीचे. "तू, नाहीतर काकू, कोणीही विणा." ते 'नाहीतर काकू' मला आठवडाभर टोचत राहिलं.

कारण जावेला क्रोशा मी शिकवला. नवी नवरी होऊन आली तेव्हा ती सुई चमच्यासारखी धरायची आणि टाके मोजायला विसरायची. अजूनही मोजत नाही. मी प्रत्येक ओळ आधी लिहून काढते, झाली की खूण करते. माझे रुमाल आणि टेबलक्लॉथ आमच्या कोथरूडच्या सोसायटीत लांबून ओळखतात. कफांसाठी राखाडी लोकरही मीच आणली, दोघींना सारखी. जाऊ म्हणाली, दोन्ही जोड्या पाठवू. मीच म्हटलं, नको, चांगली होईल ती एकच जाईल. कुठली जाईल याबद्दल मला शंका नव्हती.

घरात तसले बूट नव्हते. नवऱ्याचे पावसाळी गमबूट काढले आणि पाय मीच पुढे केला. माझा कफ टाचेपाशी अडला. ओढला, तरी हलेना.

सासूबाईंनी वाती वळता वळता मान वर केली. "पायात घालायचंय होय ते? मला वाटलं तांब्याला."

"अहो आई, पोटरीचं माप अगदी बरोबर आहे. चौतीस सेंटिमीटर."

"मग फक्त पोटरी घाल म्हणावं. टाच राहू दे बाहेर."

जाऊ हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं. "ताई, पहिली साखळी घट्ट झालीय," ती हळूच म्हणाली. "तुमचा हात रुमालाचा ना. थोडी सैल घातली की ताणेल."

मग मी तिचा कफ घातला. खालच्या ओळीतल्या खांबांना, म्हणजे उंच टाक्यांना, एकदा पुढून, एकदा मागून वेढे घेत तिने उभे कंगोरे उठवले होते. टाचेवरून तो सहज सरकला आणि पोटरीला बिलगला. मी तो काढून उजेडात धरला, उलटा केला, टाके मोजले. एका ओळीत एक खांब जास्त सापडला. केवढा आनंद झाला मला! लगेच तिला दाखवला.

"हो की," ती म्हणाली. "असू दे, दिसत नाहीये."

खरंच दिसत नव्हता.

मंगळवारी पार्सल मी भरलं. प्रत्येक पुडीवर चिठ्ठी लावायची माझी सवय आहे. भाजणीवर लिहिलं, मेतकुटावर लिहिलं. कफांवर लिहिलं, 'गरम पाण्यात धुवू नकोस.' आणखी एक ओळ सहज मावली असती. माझी जोडी त्याच संध्याकाळी उसवली.

पंधरा दिवसांनी मुलीने फक्त मला फोटो पाठवला. बूट, बर्फ आणि बुटांवर ते कंगोरे. खाली लिहिलं होतं, 'आई, कसले भारी विणलेस! बघताक्षणी कळतं तुझा हात आहे.' मी उत्तर दिलं, 'घालत जा. थंडी सांभाळ.' यात खोटं काही नव्हतं, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

जावेने जिन्यात गाठलंच. "ताई, आवडले का हो तिला?"

"आवडले."

"काही म्हणाली?"

"उबदार आहेत म्हणाली."

तिचा चेहरा एवढा फुलला की मी भाजीची पिशवी उचलून वर निघून आले.

याला आता दोन हिवाळे झाले. 'कफ काकूने विणले, हे मुलीला सांगणे' अशी नोंद माझ्या वहीत आहे. वही बदलली की नव्या वहीत उतरवून घेते. काल मुलीशी अर्धा तास बोलले. दुखरी दाढ, नवी खोली, सुट्टीची तिकिटं, सगळ्यावर खुणा झाल्या. ते राहिलं.